सिंगल फोटो

ज्योतिबानं फोटोकडे नेलेला हात मागे घेतला आणि तो स्टुलावरून खाली उतरला. चढताना काढलेल्या चपलांपैकी डावी पायाला लागली. उजवी झेंडूच्या ढिगात कुठेतरी गेली होती. ती शोधायच्या निमित्तानं तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. वाकलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हा त्याचा जुना अनुभव.

विश्वजीतला मात्र तेवढाही दम नव्हता.

"उतरवला का?" दारातूनच त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"तू उतरव. लावलाय कुणी?"

"मी? खुळा का काय तू, पेंटर? बाहेर समदी मोबाइल काढून हुबी हायती. विश्वजीतनं आप्पांना खाली उतरवलं, म्हणून चहा व्हायच्या आत सगळ्या ग्रुपवर. आन् निवडणूक तोंडावर."

"मग मी उतरवल्यावर काय हुईल?"

"तुझं काय, बाबा. तू कलाकार."

आप्पांचा हा कार्यकर्ता कुणाला मान द्यायचा तो असाच, त्याच्या अंगावर काहीतरी ढकलायचं असलं की. ज्योतिबानं चप्पल झटकली आणि पुन्हा वर पाहिलं.

फोटो गावचे पुढारी बबनराव यांचा होता, म्हणजे आप्पांचा. हॉल आप्पांचा, बाहेरची कमान आप्पांची, खुर्च्यांच्या पाठीवर छापलेलं नावही आप्पांचंच. त्यामुळे हॉलमध्ये त्यांचा फोटो असण्यात वावगं काही नव्हतं. अडचण एवढीच होती, की तो जिथं ठेवला होता ती जागा मेलेल्या माणसांची होती, आणि आप्पा चांगले जिवंत होते. उद्घाटनाला येण्यासाठी ते आत्ता घरी कपडे बदलत होते.

दिवाळी सरलेली आणि तुळशीची लग्नं लागायची, असे मधले दिवस होते. तुळशीचं लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत, म्हणून खुटबावचं हे मंगल कार्यालय या दिवसांत रिकामं असतं. आप्पांची सून सुलक्षणा नेमकं हेच हेरून होती. ती शिरूरची. पुण्यात चित्रकला शिकली आणि लग्नानंतर त्या शिक्षणाचा उपयोग रांगोळी स्पर्धेत नंबर काढण्यापुरता उरला. मेक्सिकोचे चार कलाकार आणि इथले चार, असं एकत्र प्रदर्शन भरवायची परवानगी तिनं सासऱ्यांकडे मागितली ती त्यांनी चहा बशीत ओतल्यावर, म्हणजे उठून जायची सोय नसताना.

"कुणी मुंडावळ्या बांधून येणार न्हाई ना? मग भरवा," आप्पा म्हणाले होते. "तेवढाच हॉल झाडून निघंल."

त्याप्रमाणे हॉल झाडून निघाला. भिंतींवर मेक्सिकोचे लाकडी ठशांचे काळे-पांढरे छाप लागले. छताखाली कातरलेल्या रंगीत कागदांच्या पताका आल्या. गावातल्या ताईबाईंनी विणलेली घोंगडी भिंतीवर उभी टांगली गेली, तेव्हा ताईबाई "भिताडाला हीव वाजतंय व्हय?" एवढं विचारून घरी गेल्या. आणि नवरा-नवरीच्या खुर्च्या हलवून, स्टेजवर तीन पायऱ्या रचून, लुसियानं आपलं काम मांडलं.

लुसिया मेक्सिकोतल्या ओआहाकाची. तिच्या गावी याच दिवसांत गेलेली माणसं घरी येतात म्हणे. त्यांच्यासाठी फोटो, दिवे, आवडीचं खाणं आणि झेंडू मांडून ठेवतात. दिवाळीनंतर भाव पडलेला झेंडू इथं लोक बांधावर ओतत होते. तिनं तो टेम्पो भरून आणला आणि हे फूल मूळचं आमच्याकडचं, असंही सांगितलं. पाहुणी बाई आहे म्हणून गावानं ते ऐकून घेतलं.

फोटो द्यायला मात्र लोक आधी तयार नव्हते.

"पितरं तर कवाच जेवून गेली. परत कशाला बोलवायची?"

"यू द्या की," ताईबाई म्हणाल्या. "तवा काय, आली, खीर खाल्ली, गेली. बोललं कोण त्यांच्याशी?"

मग फोटो आले. एकेका फोटोपुढे बिडीचं बंडल, मशेरीची डबी, शेवेचा पुडा. एका म्हातारीपुढे तिच्या सुनेनं टीव्हीचा रिमोट ठेवला. जिवंतपणी तो कधी तिच्या हातातून सुटला नव्हता. सगळ्यांत वरची पायरी लुसियानं मुद्दाम मोकळी सोडली होती. ज्यांचा कुणी कधी फोटोच काढला नाही, त्यांच्यासाठी.

आज सकाळी विश्वजीत खुर्च्या मोजायला आला. चार दिवस तो निवडणुकीच्या तिकिटाच्या खटपटीत पुण्याला होता. स्टेजवर गावातल्या लोकांचे फोटो आणि वरची पायरी रिकामी, एवढंच त्याला दिसलं. गावातलं कुठलंही स्टेज, त्यावर माणसं, आणि वर आप्पा नाहीत, हे त्याला बघवेना. ऑफिसातून त्यानं आप्पांचा चौकटीतला मोठा फोटो आणला, रुमालानं पुसला आणि वर ठेवला. थोड्या वेळानं लुसिया आली. वरच्या पायरीवर एक भारदस्त गृहस्थ नव्यानं आलेले पाहून तिला भरून आलं. तिनं झेंडूचा जाडजूड हार ओवून फोटोला घातला, दोन दिवे लावले आणि इथं शिकली होती तसे हात जोडले.

ज्योतिबानं पाहिलं तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार!

आणि आजच्या दिवसावर ज्योतिबाचं फार काही टांगलेलं होतं. सारा तालुका त्याला पेंटर म्हणायचा. पूर्वी तो सणसवाडीच्या कंपन्यांचे फलक रंगवायचा. मग फ्लेक्स आला, ब्रश गेला, आणि त्यानं चौफुल्याला मशीन टाकलं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, गेली कित्येक वर्षं चौकाचौकांत त्याचंच काम लटकत होतं, आणि प्रत्येकावर खाली कोपऱ्यात 'ज्योतिबा आर्ट्स' अशी मुंगीएवढी अक्षरं. या प्रदर्शनाच्या पत्रिकेत पहिल्यांदाच त्याचं नाव वरच्या ओळीत आलं होतं, मागे 'चित्रकार' लावून. इथलं आटोपलं की आठही जणांची कामं ओआहाकाला जाणार होती. बायकोनं त्याला अजून पासपोर्टचं विचारलं नव्हतं, पण शेजारणीला सांगून झालं होतं.

आप्पा बिथरले तर हॉल बंद. हॉल बंद की सगळंच बंद.

त्याचं काम समोरच्या भिंतीवर होतं; बारा फुटी फ्लेक्स, नाव 'उरलेली माणसं'. फ्लेक्ससाठी लोक फोटो आणतात ते घोळक्यातले आणि म्हणतात, एवढा एकटा काढून द्या. कापून उरलेलं ज्योतिबा टाकून देत नसे. त्यामागे कलाबिला काही नव्हती. आज ज्या मेव्हण्याला कापायला सांगतात, त्यालाच पुढच्या लग्नसराईत परत जोडायला सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. अशी वर्षानुवर्षांची उरलेली माणसं त्याच्या संगणकात साठली होती: नुसते खांदे, खांद्यावरचे परके हात, अर्धे चेहरे, कडेवरून कापलं गेलेलं मूल. सुलक्षणानं ती पाहिली आणि म्हणाली, "हेच लावायचं." काल संध्याकाळपासून गाव त्या फ्लेक्सपुढे उभं राहून आपापली कोपरं ओळखत होतं.

सुलक्षणा त्याच्या दुकानात गेली होती ती मात्र वेगळ्याच कामाला. तिची सासू वच्छलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. श्रद्धांजलीला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता, आणि तोच घरी भिंतीवर होता.

"त्यात आई रेशनच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या दिसतात," ती म्हणाली होती. "तुमच्याकडं एखादा बरा असेल ना?"

ज्योतिबाकडे होता. आप्पा पहिल्यांदा सोसायटीत निवडून आले तेव्हा याच हॉलच्या पायाभरणीला काढलेला. गुलाबी फेट्यातले आप्पा, शेजारी हिरव्या साडीतल्या वच्छलाबाई. वाऱ्यानं त्यांचा पदर आप्पांच्या डाव्या खांद्यावर उडालेला आणि त्या आप्पांकडे बघून हसतायत. विश्वजीत तो घेऊन आला होता. "सिंगल पायजे," म्हणाला. आप्पा मागे बाकड्यावर बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ज्योतिबानं कापला. पदर मात्र खांद्यावरच्या सदऱ्याशी असा मिसळला होता, की त्याची एक हिरवी पट्टी राहूनच गेली.

तोच फोटो पुढे प्रत्येक फ्लेक्सवर, आणि ऑफिसातल्या चौकटीतही. केस पिकले, गाल सुटले, फोटो तोच. हिरवी पट्टी पाहून कुणाला ते नव्या पक्षाचं उपरणं वाटलं, कुणी त्यावरून आप्पा कुठं चाललेत याचे अंदाज बांधले. ज्योतिबाला ती पट्टी दातात अडकलेल्या तुसासारखी टोचायची.

"आप्पा, एवढी पट्टी साफ करतो. दोन मिन्टाचं काम," तो दर वाढदिवसाला म्हणायचा.

"राहू दे," आप्पा दर वाढदिवसाला म्हणायचे. "कोण बघतंय?"

माणसाला पुढारी होता येतं, नजर येत नाही, असं मनाशी म्हणून ज्योतिबा मशीन सुरू करायचा.

श्रद्धांजलीच्या वेळी उरलेला अर्धा आपल्याकडे आहे, हे सांगायची त्याची छाती झाली नव्हती. मग कापला कुणी, हा प्रश्न आधी आला असता. सुलक्षणाला मात्र त्यानं तो छापून दिला. मधल्या पायरीच्या कोपऱ्यात आता वच्छलाबाई होत्या, पोस्टकार्डाएवढ्या, कुणाकडे तरी बघून हसणाऱ्या.

"पेंटर!" सुलक्षणा धावत आली. लुसिया तिच्यामागे होती, हातात अजून एक हार. सुलक्षणानं वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. "हा कुणी ठेवला?"

विश्वजीतनं खुर्च्या मोजायला सुरुवात केली.

"वहिनी, तुम्ही उतरवा," ज्योतिबा म्हणाला. "घरचं माणूस."

"सुनेनं सासऱ्याचा उतरवायचा?" ती म्हणाली, पण पदर खोचून पुढे झालीच. तिनं पायरीवर पाय ठेवला तोवर बाहेर गाडीची दारं वाजली. एकामागून एक चार. आप्पांच्या गाडीची दारं नेहमी चारही वाजतात.

"पताका!" ज्योतिबा म्हणाला.

तो स्टुलावर चढला आणि त्यानं छताखालची दोरी खाली ओढून खिळ्याला गुंडाळली. जांभळा कागद बरोबर आप्पांच्या तोंडावर आला. कागदात कातरलेला एक सांगाडा गिटार वाजवत होता. त्याच्या बरगड्यांतून हार दिसत होता, चेहरा नाही. लुसियानं काहीतरी विचारलं. सुलक्षणा तिला इंग्रजीत म्हणाली, नंतर सांगते, आत्ता नुसतं हस.

आप्पा आत आले. आप्पा आले की पंखे लागतात, ही या हॉलची रीत. ते कुणाला सांगावं लागत नाही. दारापाशी उभ्या असलेल्या कुणीतरी हाताला लागली तेवढी बटणं दाबली. वरचे मोठे पंखे घरघरले, पताका उडाल्या, दिवे आडवे झाले. गिटारवाला सांगाडा एकदा वर गेला, खाली आला, मग वर गेला तो दोरीतच अडकला. त्याच्यामागून आप्पा हॉलकडे बघू लागले, गळ्यात हार घालून.

कुणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल ओशाळलं.

आप्पा चालत स्टेजपर्यंत आले. पोटावर हात बांधून उभे राहिले.

"ह्ये कशाचं हाय?"

सुलक्षणा पुढे झाली. "गेलेल्या माणसांचं, आप्पा. त्यांच्याकडं या दिवसांत असं मांडतात."

"आन् वर कोण हाय?"

"तुम्ही."

लुसियानं फोटोकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि हातातला हार पाठीमागे नेला.

"मी गेलो," आप्पा म्हणाले, "आन् मला सांगितलं न्हाई व्हय रं कुणी?"

एकजण हसला आणि आपण एकटेच हसलो हे कळून गप्प झाला. विश्वजीत मेक्सिकोहून प्रदर्शनात आलेल्या एका मोठ्या रांजणामागे सरकला. ज्योतिबाच्या हातात चिकटपट्टीचा तुकडा होता. तो त्याची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता.

आप्पांनी पायताणं काढली. पहिल्या पायरीपाशी वाकून एकेक फोटो बघू लागले.

"ह्यो हौसराव. ह्यानं मला एकदाबी मत दिलं न्हाई." थोडं थांबून, "बिडी ठिवलीया, काडीपेटी कुठाय?"

तीन खिशांतून तीन काडीपेट्या निघाल्या. आप्पांनी एक घेतली, बंडलाशेजारी ठेवली, आणि नजर मधल्या पायरीवर नेली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ती हलली नाही. फोटोपुढे चहाचा कप होता.

"साखर घातलीया?"

"नाही आप्पा," सुलक्षणा म्हणाली. "गूळच."

त्यांनी मान हलवली. पाठ लोकांकडे होती, त्यामुळे पुढचा बराच वेळ हॉलला फक्त त्यांची पाठ वाचायला मिळाली, आणि पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"ह्यो कुठनं आला?"

"माझ्याकडं हुता, आप्पा," ज्योतिबा म्हणाला.

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं. तुमचा सिंगल केला तवापासनं."

झालं, असं ज्योतिबा मनाशी म्हणाला. गेलं ओआहाका. आप्पा चढले. वरच्या पायरीवरचा आपला फोटो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, हार काढून हौसरावापुढे ठेवला, आणि चौकट घेऊन खाली आले. ती ते आपटणार, या तयारीनं पुढची माणसं मागे झाली. आप्पांनी ती मधल्या पायरीवर, वच्छलाबाईंच्या शेजारी टेकवली. सरकवली. पुन्हा सरकवली.

"बसंना."

"फ्रेम मधी येतीय, आप्पा."

"मग काढ की."

ज्योतिबानं मागचे खिळे नखानं उचकटले, काच बाजूला केली आणि नुसता कागद वच्छलाबाईंच्या फोटोला भिडवला. तरी जमेना. त्यांच्या खांद्यापाशी कापलेला पदर दोऱ्याएवढा बारीक, आणि आप्पांच्या खांद्यावरची पट्टी चार बोटं रुंद. आप्पांच्या नुसत्या फेट्यात त्या अख्ख्या मावल्या असत्या.

आप्पा दोन्हींकडे बघत राहिले.

"लई मोठा झालो की रं मी," ते म्हणाले. मग ज्योतिबाकडे न बघता, "बारका करून मिळंल का?"

"मिळंल. केवढा करू?"

आप्पांनी अंगठा आणि करंगळी ताणून वच्छलाबाईंच्या फोटोवर माप धरलं. "एवढा. हिच्याएवढा."

"मग जोडूनच आणतो, आप्पा. एकच करतो. कापल्यालं कुणाला कळायचं न्हाई."

"कळू दे," आप्पा म्हणाले. "नुसता शेजारी ठिव."

सुलक्षणाला राहवलं नाही. "पण आप्पा, ही जागा फक्त..."

"म्हाईत हाय. परदर्शन कवापर्यंत हाय?"

"रविवारपर्यंत."

"मग रविवारपर्यंत बसतो हितं."

रांजणामागून विश्वजीत अर्धा बाहेर आला. "आप्पा, लोक काय म्हनतील? फोटो निघतील, ग्रुपवर जातील..."

"विश्वा," आप्पा म्हणाले, "पंखं बंद कर आधी. दिवे इझायला लागल्यात."

विश्वजीत पळाला. आप्पा हॉलमध्ये उभे असताना पंखे बंद व्हायची ती पहिलीच वेळ होती. भिंतीवरच्या फळीवर बटणांच्या तीन रांगा होत्या. त्यानं एक दाबलं, स्टेजवर अंधार झाला. दुसरं दाबलं, बाहेरच्या कमानीवर आप्पांचं नाव भर सकाळी पेटलं. नेमकी कुठली बटणं, हे बराच वेळ कुणाला सापडेना. तोवर आप्पा दिव्याला हाताचा आडोसा धरून तसेच वाकून उभे राहिले.